बायजाबाईच्या हातचं

२२ मे १९७८, सोमवार. बुद्धपौर्णिमा

आज मैत्री खानावळ सुरू झाली. रामबागेतल्या विहारामागची पत्र्याची खोली, दोन चुली, एक कोळशाची शेगडी, चार बाकं आणि बाहेर पाटी. रंगाऱ्यानं अक्षरं थोडी तिरपी काढली आहेत, पण रस्त्यावरून वाचता येतात. तेवढं पुरे.

सव्वीस वर्षं तुरुंगात महिला बराकीची जमादारीण होते. यंदाच निवृत्त झाले. लोक विचारतात, यमुताई टेंभुर्णेला म्हातारपणी हे काय सुचलं? मला वाटतं, फार उशिरा सुचलं. पुरुष सुटला की फाटकाबाहेर बायको येते, भाऊ येतो, कधी कधी हारसुद्धा येतो. बाई सुटली की कोणी येत नाही. बोचकं घेऊन ती रस्त्यापलीकडे उभी राहते, कुठं जावं याचा विचार करत. हे मी सव्वीस वर्षं पाहिलं आणि फाटक लावून घेतलं. छप्पन साली दीक्षाभूमीवर उन्हात उभं राहून धम्म घेतला तो काय फक्त घरातल्या भिंतीवरचा फोटो बदलण्यासाठी?

सध्या दोघी आहेत. इंदूबाई तिशीतली, नागपूरचीच. घरफोडीत तीनदा आत आली. तोंड तिखट, हात चपळ. बायजाबाई पन्नाशीची, काटोलकडची. जन्मठेपेची चौदा वर्षं काढून एप्रिलात सुटली. आमच्या घरामागच्या छपरीत राहते. स्वयंपाक असा करते की विचारू नका.

विहार समितीचे सचिव मनोहररावांनी खोली दिली, पण तोंड वाकडं करूनच. म्हणाले, "यमुताई, विहाराचं नाव आहे, सांभाळा." मी म्हटलं, "नाव वाढेल, बघाच तुम्ही." आणि वाढणारच आहे.

३० मे

गिऱ्हाईक लागलं. मोठ्या दवाखान्यात पेशंट घेऊन खेड्यापाड्यातून माणसं येतात, त्यांना दोन वेळचं गरम कुठं मिळतं? रोज दुपारी कृष्णकांत गुरुजी येतात. निवृत्त शिक्षक, महाल भागातले, सोवळ्याच्या घरातले. बायको महिन्याभरापासून दवाखान्यात आहे. पहिल्या दिवशी पाटीकडे, मग आतल्या बुद्धाच्या फोटोकडे पाहून थोडे घुटमळले. मग चप्पल काढून बसले. आता बायजाबाईच्या गोळाभातासाठी अर्धा तास आधी येतात.

आमच्या ह्यांचं मात्र नवलच. आनंदराव मिलमध्ये होते तेव्हापासून एक वाजल्याशिवाय घास घेत नसत. आता साडेदहा वाजले की ताट मागतात, आणि तेही बाहेर रस्त्यावरच्या बाकावर बसून. सगळ्या रस्त्यासमोर मिटक्या मारत जेवतात. मी म्हटलं, "आत बसा, तिथली जागा गिऱ्हाइकाची आहे." कानानं कमी ऐकू येतं म्हणून माझं न ऐकण्याची सोय झाली आहे. म्हातारपणी माणसाची जीभ सुटते ती ही अशी.

११ जून, रविवार

सकाळी चुली पेटवण्याआधी आम्ही तिघी त्रिसरण-पंचशील म्हणतो. इंदूबाई मोठ्यानं आणि चुकीचं म्हणते. बायजाबाई पहिल्या शीलाला गप्प असते, दुसऱ्यापासून ओठ हलवते. पाली शब्द जड जात असतील बिचारीला. मी म्हटलं, "जीवहत्येपासून दूर राहीन, एवढंच आहे त्यात, घाबरू नको." ती म्हणाली, "समजलं जी मले."

आणखी एक खोड आहे तिची. भाजी, भाकरी, कढी, सगळं करते, वरण करत नाही. ते इंदूबाईवर सोडते. आणि इंदूबाईचं वरण म्हणजे पाणी. मी रागावले तर म्हणते, "मले जमत नाही." एवढी सुगरण, आणि वरण जमत नाही. असतो एकेकीचा लहरी स्वभाव.

नियम मीच घातला आहे. इथं जात विचारायची नाही आणि गुन्हा विचारायचा नाही. पण बायजाबाईबद्दल मला विचारायची गरजच नाही. नवऱ्याला विष घातलं म्हणून शिक्षा झाली. ते तिनं केलेलं नाही. मी चौदा वर्षं तिला पाहिलं आहे. बराकीत कोणाचं मूल आजारी पडलं तर रात्रभर मांडीवर घेऊन बसणारी बाई ती. मी तिला पुष्कळदा सांगितलं, "तुझ्यावर अन्याय झाला, मला माहीत आहे." ती काही बोलत नाही, भांडी घासायला लागते. निर्दोष माणसाला आपलं दुःख बोलता येत नाही.

तिची मुलगी शेवंता मौद्याला दिलेली आहे. आत्यानं वाढवलं, चौदा वर्षांत एकदाही आईला भेटली नाही. मी आज पत्र लिहिलं. सरळ लिहिलं की तुझी आई निर्दोष आहे, मी साक्ष आहे, भेटायला ये.

१६ जुलै

उत्तर नाही. दुसरं पत्र टाकलं, आधीपेक्षा ठणकावून.

खानावळ छान चालली आहे. दोन बाकं वाढवली. गुरुजींनी आज विचारलं, "भाजी कोणाच्या हातची?" मी बायजाबाईला बाहेर बोलावलं. ते म्हणाले, "माझ्या आईनंतर अशी वांग्याची भाजी खाल्ली नव्हती." बायजाबाई पदरानं तोंड झाकून आत पळाली. या दोघी कुठून आल्या आहेत हे गुरुजींना ठाऊक नाही, कोणत्याच गिऱ्हाइकाला नाही. मीही सांगत नाही. चांगलं चाललेलं असताना कशाला?

२० ऑगस्ट

तिसरं पत्र टाकलं. ही शेवंता आईच्या काळजाची नाही एवढं खरं. बायजाबाईला म्हटलं, "तुझी मुलगी कठोर आहे." तेव्हा पहिल्यांदाच ती माझ्यावर चिडली. "तिले काही म्हणू नका जी. तिच्याएवढं कोणी सोसलं नाही." मी सोडून दिलं. आईची माया आंधळी असते.

३ सप्टेंबर, रविवार

वाईट दिवस. दुपारी काटोलचा एक संत्र्याचा दलाल जेवायला आला. भाऊ दवाखान्यात आहे त्याचा. इंदूबाई हातातलं काम टाकून पाणी आणायला गेली म्हणून भाकरी वाढायला बायजाबाई बाहेर आली. तिला पाहून त्याचा हात थांबला. "तू बायजा ना वं? डोंगरेची?" त्यानं घास ताटातच टाकला, बाहेर जाऊन गुळण्या केल्या आणि रस्त्यावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "हिनं नवऱ्याले विष घालून मारलं. अन् तुमी तिच्या हातचं खाऊन राहिले?"

बाकं एकदम रिकामी झाली. गुरुजी तेवढे बसून होते. तेही अर्धं जेवून उठले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

५ सप्टेंबर

काल आणि आज कोणी आलं नाही. केलेलं सगळं झाकून ठेवलं. हे मात्र साडेदहाला बाहेर बसून जेवले आणि पुन्हा साडेबाराला. आज तर शेजाऱ्याला हाक मारून बोलत बोलत जेवले. आमची अवस्था काय, आणि ह्यांना भूक किती.

रविवारी विहारात बैठक बोलावली आहे. मी घाबरलेली नाही. खरं काय ते मी उभं राहून सांगणार आहे.

१० सप्टेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

विहार भरला होता. अध्यक्ष दादाजी, ऐंशीच्या घरातले, भिंतीला टेकून बसले होते. मनोहरराव म्हणाले, "यमुताई, तुम्ही आम्हाला सांगितलं, चुकलेल्या बाया आहेत, कामाला लावते. खून केलेली बाई विहाराच्या आवारात स्वयंपाक करते हे नव्हतं सांगितलं. उद्या लोक म्हणतील..."

मी उठले. भाषण पाठ होतं माझं. म्हटलं, "सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नाही. बायजाबाईवर आळ आला होता. सव्वीस वर्षं मी माणसं ओळखत आले. ही बाई निर्दोष आहे. मी धम्माला स्मरून सांगते..."

"बाई, बसा जी खाली."

मागून, चपलांपाशी उभी राहून बायजाबाई बोलली होती. सगळे वळले.

"आळ नव्हता. मीच टाकलं होतं. संत्र्यावर फवारायचं औषध, वरणात. यमुताईले माहीत नव्हतं. त्यायचा दोष नाही."

कोणीतरी विचारलं, "काहून?"

ती म्हणाली, "मारे लई. पोरीले विहिरीत टाकतो म्हणे. पण ते रोजचंच होतं. त्या दिवशी काही वेगळं नव्हतं. मीच थकून गेली होती."

एवढं बोलून ती बाहेर गेली. मी खाली बसले. दादाजी म्हणाले, "आज काही ठरवायचं नाही. धम्मचक्र दिन होऊ द्या, मग बोलू." सगळे उठून गेले. मनोहररावांनी मला धरून उठवलं. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. झालेला दिसला नाही.

१२ सप्टेंबर

खानावळ बंद. मी घराबाहेर पडले नाही. बायजाबाई छपरीत आहे. तिच्याकडे गेले नाही.

खरं लिहायचं तर आज चहा इंदूबाईनं आणला तेव्हा मी विचारलं, "कोणी केला?"

१३ सप्टेंबर

इंदूबाई भांडायला आली. दारातच उभी राहिली.

"बाई, मी पंधरा घरं फोडली. तुमाले माहीत आहे. तरी मले ठेवलं. मग तिले काहून नाही?"

मी म्हटलं, "ती माझ्याशी खोटं बोलली."

"कधी बोलली? मी नाही केलं, असं तिनं कधी म्हटलं काय तुमाले? तुमीच म्हणत राहिल्या, अन् ती ऐकत राहिली."

मी आठवून पाहिलं. चौदा वर्षं आठवली. एकदाही म्हटलं नव्हतं.

इंदूबाई गेली. मी एका निर्दोष बाईला आसरा दिला होता. बायजाबाईला नाही. तिला तर मी आत येऊच दिलं नव्हतं. आणि हे सगळं धम्माच्या नावानं. निर्दोष माणसाला आसरा द्यायला धम्म कशाला लागतो? तो कोणीही देईल.

१४ सप्टेंबर

सकाळी छपरीत गेले. तिनं बोचकं बांधून ठेवलं होतं.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"सांगायचं होतं जी. पण तुमी तसं बोलल्या का वाटे, एका तरी माणसाच्या मनात मी तशी नाही. तेवढं सोडवत नव्हतं."

मी म्हटलं, "बोचकं सोड. कोळसा ओला झाला आहे, शेगडी पेटायला वेळ लागेल." मला याहून चांगलं काही बोलता आलं नाही. मग तिनं गाठ सोडली.

तिनं चहा ठेवला. दोघींनी घेतला. पहिला घोट घेताना माझं मन कचरलं, हे इथं लिहून ठेवते. दुसरा घेताना नाही.

दुपारी शेवंताला कार्ड लिहिलं. "तुझ्या आईनं सगळ्यांसमोर सांगितलं, मी केलं म्हणून. आधीच्या पत्रांत मी जे लिहिलं ते मला ठाऊक नसताना लिहिलं, ते चूक होतं. ती इथं स्वयंपाक करते आणि चांगला करते. यायचं का नाही ते तू ठरव."

२४ सप्टेंबर

पाटीवर एक ओळ वाढवली. ‘येथे स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया शिक्षा भोगून आलेल्या आहेत.’ रंगाऱ्यानं दोनदा विचारलं, नक्की का? मी म्हटलं, अक्षरं मोठी काढ. इंदूबाई म्हणाली, "आमचं नावबी लिहा ना मंग." तेवढं नको म्हटलं.

मनोहरराव पाटीसमोर बराच वेळ थांबले. मग सायकल घेऊन गेले.

आज तीन माणसं जेवली. चौथे गुरुजी. म्हणाले, "मी विषाला भिऊन उठलो नव्हतो, यमुताई. चार महिने मी इथं बसतो, आणि तुम्ही मला सांगितलं नाही. त्याचा राग आला." मी माफी मागितली. ते म्हणाले, "ते झालं. गोळाभात आहे का?"

११ ऑक्टोबर, बुधवार. धम्मचक्र दिन

पहाटेपासून अजनी स्टेशनावर उतरलेली माणसं दीक्षाभूमीकडे चाललेली. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, पांढरी लुगडी. पाटी वाचून काही पुढं गेली. पुष्कळजण थांबली. एका म्हाताऱ्यानं ती ओळ नातवाकडून वाचून घेतली आणि म्हणाला, "आपणबी का कमी भोगून आलो? वाढा वं बाई."

सकाळी बायजाबाईनं इंदूबाईच्या हातातून वरणाचा गंज घेतला आणि चुलीवर ठेवला. वरण संपलं म्हणून दोनदा करावं लागलं.

दुपारी मनोहरराव आले, बाही वर केली आणि पाण्याच्या बादल्या वाहू लागले. कोणी सांगितलं नव्हतं. जाताना एवढंच म्हणाले, "खोलीचं दादाजी बोलले माझ्याशी. राहू द्या म्हणाले. पत्रा गळतो का?" मी म्हटलं, "गळतो." म्हणाले, "पाहतो."

अशी गर्दी मी आयुष्यात वाढली नाही. पाय सुजले आहेत. झोप चांगली लागेल.

५ नोव्हेंबर, रविवार

शेवंता आली.

साधारण तेवीस वर्षांची, उंच, आईसारखीच रुंद कपाळाची. कडेवर चारेक वर्षांची मुलगी. आल्या आल्या मला म्हणाली, "ते पत्र लिहिणाऱ्या तुमीच काय? पहिली तिन्ही चुलीत घातली मी."

मी म्हटलं, "बरं केलंस."

"मी पाहिलं होतं जी. नऊ वर्षांची होती. दाराआडून पाहिलं. कोर्टात विचारलं तर म्हटलं, काही नाही पाहिलं. आत्या म्हणे, तू सांगितलं असतं तर तिले फाशी झाली असती. काही म्हणत, बायजानं केलंच नाही. अन् वरून तुमची पत्रं. मले वाटे, मीच खोटी का काय. मंग तुमचं कार्ड आलं."

बायजाबाई दारात येऊन उभी होती, ओले हात तसेच. शेवंतानं वळून पाहिलं.

"म्हातारी झाली वं तू," ती म्हणाली.

"हो."

"मी दाराआड होती तेव्हा."

"माहीत होतं मले," बायजाबाई म्हणाली. "तुले पाहिलं होतं मी. तरी हात थांबला नाही. त्याचीच शिक्षा काढली. दुसऱ्याची नाही."

दोघी रडल्या नाहीत. मी रडले, आत जाऊन. शेवंता बाकावर बसली. बायजाबाईनं ताट इंदूबाईकडे दिलं, तर शेवंता म्हणाली, "तूच वाढ." आणि जेवली. हळू जेवली, पण ताट पुसून जेवली.

पोरीनं मात्र हात पुढं केला तेव्हा शेवंतानं पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून तिच्या हाती दिला. मला ते लागलं. त्या गेल्यावर बायजाबाईला म्हटलं, "असं करायला नको होतं तिनं."

ती म्हणाली, "बरोबर करून राहिली ती. माय आहे."

२६ नोव्हेंबर

शेवंता पुन्हा येऊन गेली. तीन तास होती. कांदे चिरले, इंदूबाईशी हसली. पोरीसाठी पुडा आणलाच होता. बायजाबाई पोरीला हात लावत नाही, लांबूनच बोलते. पोर तिला ‘भाकरवाली’ म्हणते.

कालपासून तिसरी बाई आली आहे. शेगडी पेटवायला शिकते आहे. धूर फार करते. शिकेल.

आणि ह्यांनी पुन्हा एक वाजता, आत बसून जेवायला सुरुवात केली. मी विचारलं, "आता साडेदहाची भूक कुठं गेली?" म्हणाले, "आता गरज नाही राहिली." ऐकू येत नाही तर उत्तरंही कशाची कुठं देतात.

१७ डिसेंबर, रविवार

शेवंताच्या सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन आज होतं. सकाळी आठला आली, घाईतच. पोरीला कडेवरून उतरवलं आणि चुलीपाशी, बायजाबाईच्या शेजारी पाटावर बसवलं. "दवाखान्यात लहान लेकरू आत घेत नाहीत. तीन वाजेपर्यंत येतो मी," म्हणाली आणि निघून गेली. पोरीची पिशवी खुंटीला अडकवलेली होती. त्यात एक फ्रॉक आणि रुमाल. मी दोनदा पाहिलं. पुडा नव्हता.

बायजाबाई माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "माझ्याकडे काय पाहतेस? भात उतू चालला."

तीन वाजले, चार वाजले. शेवंता पाचला आली, थकलेली. ऑपरेशन चांगलं झालं. पोर बायजाबाईच्या मांडीवर झोपली होती आणि बायजाबाई एका हातानं मिरच्यांची देठं काढत होती. शेवंता थोडा वेळ दारातच थांबली.

"जेवली काय वं?" तिनं विचारलं.

बायजाबाई मान वर न करता म्हणाली, "दोनदा."